पोटाखालचं तेल

त्या महिन्यात त्या घरातल्या दोन गोष्टी गळत होत्या. एक सासऱ्यांच्या हृदयाची झडप आणि दुसरं सासऱ्यांचं विमान. झडपेचं डॉक्टरांनी नीट बघितलं होतं. गोळ्या चालू होत्या, चालणं-फिरणं चालू होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त विमान चालवायला लागतो तो तब्येतीचा दाखला एकतीस तारखेला संपत होता, आणि पुढचा मिळणार नाही असं डॉक्टरांनी चष्मा पुसत पुसत, म्हणजे नजर चुकवून, सांगितलं होतं. "तोवर उडा, बेताने उडा आणि मग निवांत खाली बसा," ते म्हणाले. विमानाच्या गळतीबद्दल मात्र कोणालाच काही सांगता येत नव्हतं.

हे विमान बाबांनी स्वतः बांधलेलं. बाबा म्हणजे सूनबाईचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर लोक बागकाम करतात, पहाटे फिरायला जातात. बाबांनी घरामागच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान करायला घेतलं. त्याला नऊ वर्षं लागली आणि त्यातली चार नुसत्या पायांवर गेली. आराखड्यात साधे, पक्के, खालीच राहणारे पाय होते. बाबांना ते काही पटले नाहीत. "उडायचं आणि पाय लोंबकळत ठेवायचे? त्यापेक्षा कोंबडी बरी," असं म्हणून त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारे पाय स्वतः आखले, स्वतः केले. खटका वर केला की तिन्ही चाकं पोटात, खाली केला की बाहेर. शेडचं दार बुटकं होतं, त्यामुळे विमान वर्षानुवर्षं पाय पोटाशी घेऊन लाकडी घोड्यांवर बसलेलं असायचं. सासूबाई त्याला 'धाकटी' म्हणत. त्यांना मुलगा एकच, त्यामुळे ती जागा रिकामीच होती.

थोरला, म्हणजे सूनबाईचा नवरा, ग्रंथपाल होता आणि त्याला शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच गरगरायचं. वरच्या फळीवरचं पुस्तक कोणी मागितलं तर खालच्या फळीवरचं पुस्तक कसं जास्त चांगलं आहे, हे तो इतकं मन लावून सांगायचा की लोक तेच घेऊन जायचे. विमानाशी त्याचा संबंध एवढाच, की कामावरून येताना तेलाचा डबा, सँडपेपर, स्क्रू असलं काहीबाही आणायचं.

पण लग्न ठरवताना त्याने घरी एक वाक्य टाकलं होतं, की मुलगी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टची दुरुस्ती करते. बाकीचं बाबांनी ऐकलंच नाही. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ते रबरी रिंगांचा डबा घेऊन नव्या सूनबाईपुढे बसले आणि विचारलं, "यातली कुठली टिकेल असं तुला वाटतं?" तिने एक एक रिंग दोन बोटांत दाबून बघितली आणि निम्म्या रिंगा केराच्या टोपलीत टाकल्या. तेव्हापासून शेडमध्ये दोन स्टुलं आली. पुढे तिने रविवारी रविवारी विमान चालवायची शिकवणीही लावली. तिचा परवाना मिळायला अजून सहा महिने होते.

आता धाकटी गावाबाहेरच्या धावपट्टीवर, पत्र्याच्या हँगरमध्ये राहायला गेली होती. पाय खिळीने खालीच अडकवून ठेवायचे या अटीवर उडायची परवानगी मिळाली होती आणि बाबा तसे सतरा वेळा उडालेही होते. पाय आत घेऊन उडण्याची परवानगी वेगळी. त्यासाठी आठ तारखेला तपासनीस आले. विमान जॅकवर चढवून चाकं अधांतरी केली आणि बाबांनी खटका वर केला. पंप घरघरला, तिन्ही पाय झोकात आत गेले. बाबांची छाती फुगली, आणि नेमकं तेव्हाच पोटाखाली, शेपटीच्या अंगाला, लाल तेल टपकायला लागलं.

तपासनीस हे तोंडात पेन्सिल धरणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी थेंब बोटावर घेतला, वास घेतला. "तेल कुठून येतंय ते सांगा, मी सही करतो," ते म्हणाले.

"आठ दिवसांत थांबवतो," बाबा म्हणाले.

"थांबवू नका. कुठून येतंय ते सांगा. मी तीस तारखेला परत येतो."

झालं. तिथून पुढे तीन आठवडे सासरा आणि सून त्या गळतीच्या मागे हात धुऊन लागले. तिन्ही पायांच्या सिलिंडरमधल्या रिंगा बदलल्या. नळ्यांचे अकराच्या अकरा जोड उघडून पुन्हा आवळले. प्रत्येक जोडाला पातळ कागद गुंडाळून रात्रभर ठेवला, सकाळी अकराही कागद कोरडे ठणठणीत. पण पाय वर घेतले की पोटाखाली तेल हजर. जोडातून नाही, सिलिंडरमधून नाही, पंपातूनही नाही, मग हे तेल येतं तरी कुठून, या प्रश्नाने सूनबाईची झोप उडाली. लिफ्टच्या धंद्यात बारा वर्षं काढलेली बाई ती. गळती शोधून देणं हीच तिची रोजीरोटी, आणि घरच्याच विमानापुढे तिने हात टेकले होते.

त्यात बाबांचं फडकं. घड्याळाच्या माणसाला बोटाचा ठसासुद्धा सहन होत नाही. चाचणी संपायची खोटी, की बाबा पाठीवर झोपून विमानाखाली सरकायचे आणि पोट पुढून मागे असं पुसून लख्ख करायचे. सूनबाईला हे बघवत नसे. गळती शोधायची तर घाण वाचावी लागते. तेल कुठून कुठे ओघळलं, धूळ कुठे चिकटली, त्यावरून तर कळतं.

"बाबा, तुम्ही पुरावाच पुसून टाकता," ती म्हणायची.

"घाण ती घाण. तिला काय वाचायचंय?"

"मला वाचायचंय."

"मग लायब्ररीत जा, तुझा नवरा बसलाय तिथे," असं म्हणून बाबा पुसत राहायचे.

एकदा ती फारच चिडली आणि म्हणाली, की ही गळती सापडली नाही तर ती तुमच्या फडक्यामुळे. बाबांनी फडक्याची घडी केली आणि ते गाडीकडे निघाले.

अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी नवरा तेलाचा डबा घेऊन घरी आला. तो त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवला, हात धुतले, खुर्चीत बसला आणि डब्याकडे बघत राहिला.

"हा पाचवा," तो म्हणाला.

"असेल," बाबा म्हणाले.

"टाकीत आणि नळ्यांत मिळून किती तेल मावतं?"

"अडीच लिटर," सूनबाई म्हणाली. "का रे?"

"डबा लिटरचा आहे. या महिन्यात चार नेले. रोज संध्याकाळी विचारलं की तुम्ही दोघंही म्हणता, टाकीतली पातळी बरोबर रेघेवर आहे. मग चार लिटर तेल कुठेय?" त्याचा आवाज अगदी साधा होता. पुस्तक परत न आणणाऱ्या माणसाला तो याच आवाजात विचारायचा, आणि म्हणे लोकांना त्याच आवाजाचा धाक वाटायचा.

टेबलावर शांतता पसरली. सासूबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि आळीपाळीने दोघांकडे बघितलं. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला अशी शांतता लगेच कळते.

"बोला," त्या म्हणाल्या.

आधी सूनबाई कबूल झाली. संध्याकाळी चाचणी झाली, की बाबा पोटाखाली पुसत असताना ती टाकीचं झाकण उघडून बघायची. पातळी रेघेच्या खाली गेलेली असायची. ती चुपचाप भरायची. "डॉक्टर म्हणाले होते ना, यांना काळजी लावू नका. म्हणून म्हटलं, सांगायला नको."

बाबांनी घसा साफ केला. "मी दुपारी एकटा जातो तिथे."

"जॅकवर एकट्याने काम करणार नाही असं कबूल केलं होतं तुम्ही," सासूबाई म्हणाल्या.

"केलं होतं. म्हणून तर सांगितलं नाही. दुपारी एकदा पाय वर घेऊन बघतो, खाली करतो, पातळी उतरलेली असते. भरतो, पुसतो, घरी येतो. सूनबाईला कळलं असतं तर तिने हँगरची किल्ली काढून घेतली असती."

"घेतलीच असती," सूनबाई म्हणाली. मग एकदम थांबून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही किती भरता?"

"एक कप. डब्याच्या झाकणाचा कप. त्यात चार थेंब कमी." घड्याळजीच तो, मापात कसूर नाही.

"रोज तेवढंच?"

"रोज तेवढंच."

"मीपण एकच कप. आणि तुम्ही पाय किती वेळ वर ठेवता?"

"कधी दोन मिनिटं. कधी समोर बसून चहा पितो, अर्धा तास होतो."

सूनबाईने ताट बाजूला सारलं. गळती म्हटली की जेवढा वेळ दाब, तेवढं तेल. दोन मिनिटांत थेंबभर, अर्ध्या तासात वाटीभर. इथे दोन मिनिटांनाही एक कप आणि अर्ध्या तासालाही एकच कप. गळती काही कप मोजून गळत नाही. हे एवढं साधं तिला तीन आठवडे दिसलं नव्हतं, कारण अर्धी गोष्ट तिच्या पोटात होती आणि अर्धी बाबांच्या.

"उद्या सकाळी पुन्हा बघू," ती म्हणाली. "पण फडकं न्यायचं नाही."

"फडकी माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी उशांचे अभ्रे संपत आलेत या घरातले."

एकोणतीसच्या सकाळी सात वाजता दोघं हँगरवर होते. सूनबाईने सासूबाईंचा पावडरचा डबा आणला होता. त्यातली पावडर तिने विमानाच्या पोटावर नाकापासून शेपटीपर्यंत फासली. बाबा जवळ उभे राहून हे बघत होते. त्यांना ते बघणं अवघड जात होतं, पण त्यांनी हात मागे बांधून ठेवले होते. मग त्यांनी खटका वर केला. पाय आत गेले. सूनबाई खाली सरकली आणि तिने टॉर्च लावला. पांढऱ्या पावडरवर लाल ओघळ स्पष्ट उमटला होता. शेपटीकडून नाकाकडे माग काढत गेलं, तर तो एका बोटाएवढ्या नळीपाशी संपत होता. टाकीतली हवा बाहेर जायला ठेवलेली ती नळी. तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं, कारण तिच्यात तेल असायचं काही कारणच नव्हतं.

"हवेच्या नळीतून येतंय," ती म्हणाली. "टाकी ओसंडतेय."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे टाकीच बिघडली. आतला पडदा सुटला असणार. काढतो मी टाकी."

"टाकी काढली तर उद्यापर्यंत बसणार नाही, बाबा."

"मग काय बघत बसू?"

टाकी ओसंडते म्हणजे भरलेली आहे, आणि पाय खाली केले की तीच टाकी कपभर रिकामी. असं कसं होईल? तिला साडेनवाला एका कारखान्यातल्या मालाच्या लिफ्टवर पोचायचं होतं. ती म्हणाली, "मी जेवायच्या सुट्टीत येते. तोवर हात लावू नका." आणि बाबा लावणार हे पक्कं ठाऊक असूनही ती निघाली.

कारखान्यातली लिफ्ट जुनी होती, वर जाताना कुरकुरत होती. यंत्राच्या खोलीत जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा, भिंतीला तेलाचा कुबट वास. सूनबाईने बारा वर्षं जे केलं तेच केलं. बटण दाबून लिफ्ट तळमजल्यावर उतरवली, ती टेकल्याचा धप्प आवाज ऐकला आणि मग टाकीचं झाकण उघडून मोजपट्टी आत घातली. ही तिच्या धंद्यातली पहिली शिकवण. तेल मोजायचं ते लिफ्ट खाली उतरवून, कारण लिफ्ट खाली आली की सगळं तेल टाकीत घरी परत येतं. वर असताना मोजलं तर टाकी रिकामी दिसते, माणूस भरत सुटतो, आणि लिफ्ट खाली आली की खोलीभर तेल. शिकाऊ असताना तिने एकदा हे करून बघितलं होतं आणि दोन दिवस ती खोली पुसत बसली होती.

मोजपट्टी हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग पट्टी पुसून जागेवर ठेवली, वॉचमनला म्हणाली, "अर्ध्या तासात येते," आणि गाडीकडे पळाली.

बाबांनी टाकीच्या सहापैकी चार बोल्ट ढिले करून ठेवले होते. विमान जॅकवर, पाय खाली, बाबा आत अर्धे वाकलेले.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "तुमच्या मोजपट्टीवरची रेघ. ती कुठे कोरली होती तुम्ही?"

"कुठे म्हणजे? शेडमध्ये. पहिल्यांदा तेल भरलं त्या दिवशी."

"तेव्हा पाय कसे होते?"

"शेडच्या दारातून पाय खाली ठेवून ती मावली असती का? आत घेतलेले होते. नेहमी तसेच तर—" बाबा बोलता बोलता थांबले.

सूनबाई खालच्या स्टुलावर बसली. पुढचं बोलायला तिला जड जात होतं, पण बोलणं भाग होतं. "लिफ्ट खाली आली की तेल टाकीत येतं, बाबा. या पायांचं उलटं आहे. पाय खाली ढकलायला सिलिंडर तेलाने पूर्ण भरावे लागतात, म्हणजे पाय खाली असताना तेल बाहेर असतं. वर घेतले की ते टाकीत परत येतं. तुमची रेघ बरोबर आहे, पाय वर असतानाची आहे. आणि विमान इथे आणलं तेव्हा मी पहिल्या दिवशी तुम्हाला काय सांगितलं? तेल मोजायचं ते पाय खाली उतरवून. मी सांगितलं. तुम्ही तेव्हा विचारलंही होतं, नक्की का? मी म्हटलं, बारा वर्षं हेच करते."

"म्हटलं होतंस," बाबा म्हणाले.

"म्हणजे कुठेच गळत नव्हतं. आपण जास्तीचा कप भरायचो, पाय वर घेतले की तो बाहेर सांडायचा, पाय खाली केले की टाकी कमी दिसायची, की पुन्हा भरायचो. चूक माझी आहे. तुम्ही तीन आठवडे रिंगा बदलत बसलात, आणि मी तुमच्या फडक्याला नावं ठेवली."

तिला खरंच वाईट वाटत होतं. एकेक दिवस मोजून हातात असताना त्यातले एकवीस तिने घालवले होते. बाबा विमानातून हळूहळू बाहेर आले. त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सारलं. रागावले असावेत, थोडे तरी. मग म्हणाले, "एका बाईंचं भिंतीवरचं घड्याळ मी आठवडाभर उघडत-लावत होतो. दुकानात बरोबर चालायचं, घरी नेलं की बंद पडायचं. शेवटी त्यांच्या घरी गेलो. खिळा वाकडा होता."

"आणि?"

"आणि काय, खिळा सरळ केला. बाईंना सांगितलं, आत मोठं काम निघालं होतं." त्यांनी पाना उचलला. "ये, चार बोल्ट आवळायचेत. त्या तपासनिसाला मात्र खरं सांगावं लागेल, तो पेन्सिल चावतो."

बोल्ट आवळले. पाय आत घेऊन टाकी रेघेपर्यंत आणली, जास्तीचं तेल कपात काढून घेतलं. मग पाय दहा वेळा वर, दहा वेळा खाली. पावडर पांढरी ती पांढरीच. कारखान्यातली लिफ्ट त्या दिवशी तीन तास उशिरा सुरू झाली आणि सूनबाईने साहेबांचं बोलणं निमूटपणे ऐकून घेतलं.

तीस तारखेला तपासनीस आले. पाय वर झाले, पोट कोरडं. त्यांनी पेन्सिल तोंडातून काढून विचारलं, "कुठून येत होतं?"

"माझ्या सवयीतून," सूनबाई म्हणाली, आणि लिफ्टपासून मोजपट्टीपर्यंत सगळं सांगितलं. आपली चूक परक्या माणसापुढे उभ्याने सांगायची होती, पण तिने एक शब्दही गाळला नाही. तपासनीस ऐकत होते. शेवटी म्हणाले, "टाकीवर लिहून ठेवा." बाबांनी खिशातून पितळेची पट्टी काढली. 'तेल मोजताना पाय वर' असं त्यांनी आदल्या संध्याकाळीच कोरून ठेवलं होतं, घड्याळाच्या तबकडीवर असतात तशा अक्षरांत. तपासनिसांनी ती पट्टी दोनदा वाचली आणि सही केली.

एकतीस तारखेला सकाळी वारा बेताचा होता. सगळं घर धावपट्टीच्या कडेला उभं होतं. नवऱ्याने सासूबाईंसाठी खुर्ची आणली होती आणि तिच्यावर तो स्वतःच बसला होता, कारण वर बघूनच त्याला गरगरत होतं. सासूबाई उभ्या होत्या. आदल्या दिवशी शेजारणीने त्यांना विचारलं होतं, या वयात कशाला उडू देता? त्या म्हणाल्या होत्या, "आज नाही उडाले तर उरलेलं आयुष्य माझ्याच डोक्याभोवती घिरट्या घालतील."

धाकटी धावली, उचलली गेली, झाडांच्या वर गेली. मग विमानाखालचे तीन ठिपके हलले आणि एकेक करून पोटात गेले. खाली उरली नुसती गुळगुळीत रेघ. आवाजही बदलला, हलका झाला.

"घेतले पाय," सासूबाई म्हणाल्या आणि मग चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या.

दहा मिनिटांत येतो म्हणून गेलेले बाबा चाळीस मिनिटांनी आले. तिन्ही पाय वेळेवर बाहेर आले, तिन्ही चाकं टेकली. हँगरपाशी येऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिले. कोणी त्यांना बोलावलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि केस उभे राहिले होते. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की पाय आत गेल्यावर ती ओढायला लागते, जणू इतकी वर्षं कोणी तिला मागून धरून ठेवलं होतं.

मग ते हँगरमध्ये गेले. सूनबाईला माहीत होतं, आता फडकं. सासूबाईंनी सकाळीच कपाटाची किल्ली बाबांना दिली होती. ती मागोमाग आत गेली तर बाबा दुरूनच विमानाकडे बघत उभे होते. पोटाखाली धूळ होती, गवताच्या काड्या चिकटल्या होत्या, पुढच्या पायाच्या झाकणावर किडे चिरडले होते. बाबांच्या हातात अभ्र्याचं घडी केलेलं फडकं होतं आणि त्याची घडी मोडलेली नव्हती.

"पुसलं नाही अजून?" तिने विचारलं.

"तुला वाचायचं असतं ना आधी," बाबा म्हणाले. "वाच. आता यापुढे तिच्याकडे तुलाच बघायचंय. मी आहेच इथे बसायला."

सूनबाई पाठीवर झोपून विमानाखाली सरकली आणि टॉर्च लावून नाकापासून शेपटीपर्यंत सगळं पोट वाचत गेली. धूळ कोरडी होती. हवेची नळी कोरडी होती. शेवटच्या खिळ्यापर्यंत कुठे लाल ठिपका नव्हता. मग तिने विमानाखालून हात बाहेर काढला, बाबांनी त्यात फडकं दिलं, आणि ते स्टूल ओढून घेऊन निवांत खाली बसले.